विंडोजआधी फाइली सोडवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट बंद केला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही आणि म्हणूनच बहुतेकांनी या तारखेकडे लक्ष दिले नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या गृहनिर्माण संस्थांची कार्यालये, नौपाड्यातील कर सल्लागार, कोपरखैरणे-घणसोलीतील शिकवण्या, तुर्भ्याच्या बाजार समितीतील गाळे, महापालिका शाळांतील संगणक कक्ष, वाचनालयांतील देवघेवीचे टेबल, सगळीकडे यंत्र सकाळी सुरू होते, पावत्या छापते आणि संध्याकाळी बंद केले जाते. फरक एवढाच, की विंडोज १०मध्ये यापुढे सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटींची दुरुस्ती अशा यंत्रांपर्यंत आपोआप येत नाही. यांतील बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढतही नाही, कारण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. आठवी पिढी बाजारात आली ती २०१७च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१६-१७ साली वर्गणीतून किंवा अनुदानातून घेतलेले, अजून ठणठणीत चालणारे यंत्र नियमाने बाद ठरते.

या यंत्रांचे काय करायचे, याची दोन तयार उत्तरे फिरत असतात. दुकानदार म्हणतो, यंत्र जुने झाले, नवे घ्या. विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण विनामूल्य मिळणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम आहे; तिचा पुरस्कर्ता म्हणतो, यंत्र उत्तम आहे, विंडोज काढा आणि लिनक्सच्या मिंट किंवा उबुंटू या आवृत्त्यांपैकी एक टाका, तेही फुकट. दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. मात्र प्रश्न यंत्राचा आणि त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टमचा आहे, असे दोघेही धरून चालतात. माझ्या मते ऑपरेटिंग सिस्टम हा या गुंत्यातला सर्वांत सोपा भाग आहे. आपल्याला विंडोजशी बांधून ठेवले आहे ते आपल्या फाइलींनी, जुन्या मराठी फॉन्टांनी, सरकारी खात्यांनी दिलेल्या विवरणपत्रांच्या सॉफ्टवेअरने आणि प्रमाणपत्र परीक्षांच्या अभ्यासक्रमांनी. यांतल्या बहुतेक गाठी सार्वजनिक संस्थांनीच मारलेल्या आहेत. त्या सोडवण्याचे ओझे एकेकट्या सोसायटीच्या सचिवावर किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांवर टाकून चालणार नाही.

सुरक्षेचे अपडेट थांबले तर एवढे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना उदाहरणासाठी लांब जायला नको. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा संगणकीय हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या यंत्रणेत तो शिरला आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. नवी मुंबईच्या वेशीवर कंटेनर अडकले ते युरोपातल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले. या हल्ल्याने वापरलेली एक वाट विंडोजमधील फाइल-शेअरिंगच्या जुन्या सुविधेतून जात होती आणि तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्येच दिलेली होती. एका दुरुस्तीने सगळे वाचले असते, असा दावा मी करणार नाही, कारण जाळ्यात एकदा शिरल्यावर नॉटपेट्या पासवर्ड चोरून दुरुस्त यंत्रांवरही पसरत होता. पण जेथे दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न घेतल्यामुळे एवढे घडू शकते, तेथे दुरुस्ती येणेच थांबलेल्या यंत्रावर सभासदांचे आधार क्रमांक, भाडेकरार आणि बँकेचे तपशील ठेवणे कितपत शहाणपणाचे आहे, याचा विचार व्यवस्थापन समितीने करायलाच हवा.

मायक्रोसॉफ्टने मधला मार्ग ठेवला आहे. घरगुती वापरकर्त्याला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची सुरक्षा-मुदतवाढ ३० डॉलर भरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी संगणकाची सेटिंग्ज जोडून विनामूल्य घेता येते. संस्थांसाठी पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, त्यापुढच्या वर्षी पुन्हा दुप्पट, आणि तीन वर्षांनंतर पूर्णविराम. शिक्षणसंस्थांसाठी हेच दर अनुक्रमे १, २ आणि ४ डॉलर आहेत. (सोसायटीचा संगणक घरगुती की व्यावसायिक, हा विषय वार्षिक सभेत निघाला तर रात्रीचे अकरा वाजतील.) शाळांचे दर पाहिल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. निदान पुढची तीन वर्षे तरी ‘विंडोज परवडत नाही’ हे शाळांनी लिनक्सकडे वळण्याचे कारण होऊ शकत नाही. फुकटपणाच्या पायावर उभा केलेला युक्तिवाद समोरच्या कंपनीने दर उतरवला की कोसळतो. कारण दुसरे असायला हवे आणि ते आहे. सार्वजनिक संस्थेचे कागद उद्या कोणत्या यंत्रावर उघडतील, हे ठरवण्याचा अधिकार त्या संस्थेकडेच असला पाहिजे.

लिनक्स घालणे प्रत्यक्षात किती सोपे झाले आहे, ते एका ठरावीक यंत्रावरून पाहू. २०१७ सालचा डेस्कटॉप, सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. सुरू व्हायला चहा होईल एवढा वेळ घेणारे हे यंत्र हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली की एकदम हलके होते. रॅम ८ जीबी केली तर ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले तरी कुरकुरत नाही. या सुधारणेचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, यंत्रात काहीही न बदलता, आधी चालवून पाहता येते आणि वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतात का हे तपासता येते. समाधान झाले की मगच ते डिस्कवर उतरवायचे. मिंटच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी निवडले की इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी तयार असते, लोहित आणि नोटोसारखे देवनागरी फॉन्ट सहज मिळतात आणि जोडाक्षरे व्यवस्थित जुळतात. येथपर्यंत सगळे गोड आहे.

मग सचिव सभेची जुनी सूचना उघडतात. ती मंगल फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर अक्षरे दिसतात, पण मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट या यंत्रावर नसल्यामुळे त्याच्या जागी दुसरा बसतो, ओळींची उंची बदलते आणि एका पानावर नेमकी बसवलेली सूचना दुसऱ्या पानावर सरकते. ‘आपला विश्वासू’ पहिल्या पानावर राहतो, सही आणि शिक्का दुसऱ्यावर जातात. याला उपाय आहे. मजकूर शाबूत असतो, फॉन्ट बदलून एकदा मांडणी नीट केली की काम संपते. खरे दुखणे त्याआधीच्या फाइलींचे आहे. उपविधींची मराठी प्रत, बिल्डरशी झालेला जुना पत्रव्यवहार, २००५ किंवा २०१०च्या सभांची इतिवृत्ते श्री-लिपी, आकृती किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टाइप केलेली असतील, तर पडद्यावर मराठीचा एक शब्दही दिसत नाही. दिसतात ती रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि कंस. कारण या पद्धतीत फाइलीत मराठी साठवलेलेच नसते. फाइलीत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात आणि विशिष्ट फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढतो. फॉन्ट गेला की मराठी गेले. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला फॉन्टवर अवलंबून नसलेला स्वतःचा क्रमांक देणारे मानक, हाताशी नसलेल्या काळात या सॉफ्टवेअरांनी मराठी छपाईला मोठा हात दिला, हे निर्विवाद आहे. पण विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१पासून, सर्वसामान्यांच्या संगणकावर देवनागरी युनिकोडची सोय असतानाही आपण पुढची कित्येक वर्षे जुन्याच पद्धतीने फाइली साठवत राहिलो. आज ऑपरेटिंग सिस्टम बदलताना त्याची वसुली होते आहे. नवा विंडोज ११चा संगणक घेतला आणि त्यात तो जुना फॉन्ट नसला, तर हीच वसुली तेथेही होते, हे दुकानदार सांगत नाही.

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर हा विरोधाभास रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर पाहायला मिळतो. ई-कोर्ट्स प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातील जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सवर आधारित प्रणाली तयार करून घेतली आणि खटल्यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअरही मुक्त स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता-बदलता येणाऱ्या, साधनांवर उभारले. एवढ्या मोठ्या, कागदावर जगणाऱ्या यंत्रणेने हा बदल पचवला, तेव्हा ‘सरकारी काम लिनक्सवर होत नाही’ हे वाक्य निदान न्यायालयाच्या परिसरात तरी कोणी उच्चारू नये. आणि याच न्यायालयांबाहेर प्रतिज्ञापत्रे, मुखत्यारपत्रे, वारसा-दाखल्याचे अर्ज टाइप करून देणाऱ्यांचे जग जुन्या फॉन्टांवर आणि टाइपरायटरच्या काळातल्या कीबोर्ड-मांडणीवर चालत आले आहे. टायपिस्ट अडाणी किंवा हट्टी आहे, म्हणून हे घडते असे मुळीच नाही. वर्षानुवर्षे जमवलेले मसुदे हे त्याचे भांडवल असते. पक्षकाराचे नाव, वय, पत्ता आणि गट क्रमांक बदलला की पाच मिनिटांत कागद तयार, हा त्याचा धंदा. ते शेकडो मसुदे नव्याने टाइप करायला सांगणारा माणूस त्याला व्यवहारशून्य वाटणारच.

जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तक साधने आहेत, पण विखुरलेली आहेत, प्रत्येक फॉन्टसाठी वेगळी आहेत आणि रफार, ऱ्हस्व वेलांटी, अर्धा र अशा ठिकाणी चुकतात. कायद्याच्या कागदात एका वेलांटीने नाव बदलते. म्हणून राज्य सरकारकडे माझी पहिली मागणी लिनक्सची नाहीच. प्रचलित असलेल्या सर्व जुन्या मराठी फॉन्टांसाठी तपासलेला, विनामूल्य, इंटरनेटशिवायही चालणारा एक परिवर्तक सार्वजनिक सेवा म्हणून द्यावा आणि त्याच्या चुका कळवण्याची व दुरुस्त होण्याची सोय ठेवावी. हे काम करू शकेल अशी सरकारी संस्था शोधावी लागत नाही. भारतीय भाषांच्या संगणकीकरणात सी-डॅकची अनेक दशके गेली आहेत, बॉस ही लिनक्सवर आधारित प्रणाली त्याच संस्थेने २००७मध्ये आणली आणि तिचे एक केंद्र तर खारघर स्थानकासमोर आहे. संपूर्ण देशी ऑपरेटिंग सिस्टमची घोषणा कानाला मोठी वाटते. पण ठाण्यातल्या टायपिस्टला तिच्यापेक्षा हा परिवर्तक अधिक उपयोगी पडेल.

दुसरी गाठ सरकारी सॉफ्टवेअरची आहे. सातबारा पाहायला, महापालिकेचा मालमत्ता कर भरायला, वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर खाते उघडून पाहायला तुमच्याकडे विंडोज आहे का, असे कोणी विचारत नाही. ब्राउझर असला की पुरे. म्हणजे हे करता येते, आणि सरकारने ते केलेही आहे. मात्र आयकर विवरणपत्रासाठी विभाग जी एक्सेल फाइल देतो, ती मॅक्रोंवर, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, चालते आणि तिला मायक्रोसॉफ्टचे एक्सेलच लागते. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, त्याचा ड्रायव्हर आणि संकेतस्थळाशी त्याला बोलते करणारे छोटे सॉफ्टवेअर, ही साखळी विंडोजबाहेर कोठे तुटेल याचा भरवसा नसतो आणि तुटते तेव्हा मुदतीचा शेवटचा दिवस असतो. नौपाड्यातील कर सल्लागाराने अशा वेळी तत्त्वासाठी लिनक्स वापरावे, असे मी म्हणणार नाही. त्यांचा टॅली विंडोजसाठीच बनलेला आहे. पण टॅली ही खासगी निवड आहे, ती त्यांनी करावी किंवा करू नये. विवरणपत्र ही निवड नाही, कायद्याचे बंधन आहे. नागरिकाने जे काम कायद्याने केलेच पाहिजे, ते करण्यासाठी लागणारे साधन एखाद्या कंपनीच्या उत्पादनावर अवलंबून असता कामा नये, हा नियम वाद घालण्यासारखा वाटत नाही. तरीही तो सर्वत्र लागू नाही. धोरणांची कमतरता नाही. केंद्राने २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले आणि २०१५च्या धोरणात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला पसंती देऊन, निविदाकाराने ते नाकारले तर कारण द्यावे, अशी अपेक्षा ठेवली. धोरण कागदावर राहिले आणि एक्सेलची फाइल कामात राहिली.

तिसरी गाठ वरवर निरुपद्रवी दिसते, पण मला सर्वांत घट्ट वाटते. महाराष्ट्रात ‘संगणक येतो का’ या प्रश्नाचे नोकरीच्या अर्जातले रूढ उत्तर एमएस-सीआयटी हे आहे. २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या या अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक पोहोचवला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. ठाण्यात गल्लोगल्ली त्याची केंद्रे दिसत आली आहेत. पण त्यातला सराव विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा. परिणामी सरकारी कारकुनापासून सोसायटीच्या व्यवस्थापकापर्यंत सर्वांना पत्र टाइप करणे म्हणजे वर्ड आणि तक्ता मांडणे म्हणजे एक्सेल, एवढेच ठाऊक असते आणि त्याच कामासाठी दुसरे सॉफ्टवेअर समोर आले की शिकलेले सारे वाया गेल्यासारखे वाटते.

केरळने ही गोष्ट नेमकी हेरली. तेथे २००१मध्ये आयटी@स्कूल हा प्रकल्प सुरू झाला, काही वर्षांत सरकारी व अनुदानित शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या आणि आज काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारित स्वतःची प्रणाली शाळांना देते. पण केवळ यंत्रावरची प्रणाली बदलून हे झालेले नाही. संगणकाची पाठ्यपुस्तके मुक्त सॉफ्टवेअरवर बेतली गेली, शिक्षकांची प्रशिक्षणे त्यावर झाली आणि दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच ठेवली गेली. परीक्षा बदलली म्हणून पालक बदलले, पालक बदलले म्हणून शिकवण्या बदलल्या. आपल्याकडे लिनक्सच्या चर्चेत परीक्षेचा विषय क्वचितच निघतो. उत्साही मंडळी पालिका शाळेतल्या वीस यंत्रांवर शनिवार-रविवारात उबुंटू घालून देतात, छायाचित्र काढतात, आणि जूनमध्ये नवे शिक्षक येऊन, अभ्यासक्रमात वर्ड आहे म्हणून, वर्ड शोधू लागतात. त्या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही.

या विषयावर म्युनिक शहराचे नाव दोन्ही पक्ष घेतात, आपापल्या सोयीचा अर्धा भाग सांगून. म्युनिकच्या नगर परिषदेने २००३मध्ये लिनक्सच्या बाजूने निर्णय घेतला, २०१३पर्यंत सुमारे १५ हजार संगणक त्यावर नेले आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. लिनक्स अपयशी ठरले, असे एक बाजू म्हणते. राजकारण झाले, असे दुसरी. दोन्हींत तथ्य असले तरी मला महत्त्वाचे वाटते ते असे, की शहराची अनेक खास कामे विंडोजवरच्या सॉफ्टवेअरांत अडकलेली होती आणि बाहेरून येणाऱ्या ऑफिस-फाइलींची कटकट संपत नव्हती. दोन प्रणाली एकाच वेळी सांभाळाव्या लागल्या की कर्मचाऱ्याचा राग नव्या प्रणालीवर निघतो. त्याच जर्मनीत आज श्लेस्विग-होल्श्टाइन हे राज्य सुमारे ३० हजार सरकारी संगणकांसाठी हाच प्रयोग करते आहे. तेथे मायक्रोसॉफ्ट ऑफिसला पर्याय असलेले लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर आणि खुले फाइल-स्वरूप आधी आले, त्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये ४० हजारांहून अधिक ईमेल-खाती मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून बाहेर काढून झाली, आणि विंडोजच्या जागी लिनक्स हा टप्पा त्यांच्या मागे ठेवला आहे. हा प्रयोग यशस्वी होईलच, असे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. क्रम मात्र बरोबर आहे. कागद मोकळे झाले की यंत्रावर खाली काय चालते, हा विषय कर्मचाऱ्याच्या दृष्टीने दुय्यम होतो.

लिनक्सविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला होता. बिघडले तर बोलवायचे कोणाला? विंडोजचे काही बिनसले तर राम मारुती रस्त्याच्या आसपास किंवा वाशीच्या कोणत्याही सेक्टरमध्ये दुरुस्ती करणारा मिळतो; त्याचा उपाय बहुधा ‘फॉरमॅट मारतो’ हा असतो, पण संध्याकाळपर्यंत यंत्र चालू होते. लिनक्सचे नाव काढले की तोच माणूस खांदे उडवतो. कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या काही छोट्या लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर लिनक्सवर नीट बसत नाहीत, आणि महिन्याची बिले छापायच्या दिवशी प्रिंटर अडला तर मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वज्ञानाचा कोणाला उपयोग नसतो. हा आक्षेप हसण्यावारी नेणाऱ्यांनी कधी शंभर सभासदांची बिले वेळेत वाटलेली नसतात.

परंतु येथे आपल्या परिसराचे एक विचित्र चित्र दिसते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातील डेटा सेंटरांत जे सर्व्हर चालतात, त्यांतील फार मोठा भाग लिनक्सवर चालतो. बँकांपासून मनोरंजनापर्यंत आपण वापरतो त्या बहुतेक सेवांच्या मागे तेच असते, आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. ते सर्व्हर सांभाळणारी मुले-मुली ठाणे-बेलापूर मार्गावरून रोज ये-जा करतात आणि त्याच सोसायट्यांत राहतात. तेव्हा लिनक्स जाणणारी माणसे येथे नाहीत, असे म्हणता येत नाही. ती माणसे आणि कोपरखैरण्यातल्या कार्यालयातला डेस्कटॉप यांच्यामध्ये पैसे घेऊन काम करणारा कोणी नाही, कारण गिऱ्हाईक नाही. आणि गिऱ्हाईक नाही, कारण दुरुस्ती करणारा नाही. हे चक्र स्वयंसेवेने फुटेल असे मला वाटत नाही. स्वयंसेवक पहिल्या महिन्यात येतो, सहाव्या महिन्यात त्याची नोकरी बदलते. पन्नास-साठ शाळांच्या संगणक कक्षांचे वार्षिक देखभाल कंत्राट लिनक्ससह निघाले, तर दोन-चार दुकानदार ते शिकून घेतील. ते शिकले की सोसायटीलाही बोलवायला माणूस मिळेल. असे एकगठ्ठा कंत्राट काढण्याइतके मोठे गिऱ्हाईक ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांखेरीज येथे दुसरे दिसत नाही.

मग आज कोणी बदलावे? वाचनालयांनी निःशंकपणे बदलावे. पुस्तकांच्या देवघेवीसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर मुळात लिनक्सवरच चालते, आणि वाचकांसाठी ठेवलेल्या यंत्रावर ब्राउझरखेरीज फारसे काही लागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी बदलावे. ईमेल, बातम्या, व्हिडिओ आणि मराठी टायपिंग एवढेच काम असेल तर अनावश्यक खिडक्या आणि जाहिराती न दाखवणारी मिंटची साधी मांडणी त्यांना सोयीचीच पडते. ज्या सोसायट्यांची बिले ब्राउझरमधून निघतात, त्यांनी जुन्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन आणि प्रिंटर तपासून बदलावे. कर सल्लागारांनी, ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्या वास्तुविशारदांनी, डीटीपी करणाऱ्या मुद्रकांनी आणि कोर्ट नाक्यावरच्या टायपिस्टांनी आज बदलू नये. त्यांनी मुदतवाढ घ्यावी किंवा नवे यंत्र घ्यावे. दुसऱ्याच्या पोटावर प्रयोग करण्याचा अधिकार मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीलाही नाही.

शाळांचे उत्तर मात्र महापालिकांनी द्यायचे आहे, आणि त्यासाठी राज्याचा अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. संगणक खरेदीच्या किंवा देखभालीच्या पुढच्या निविदेत कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टमचे नाव न लिहिता काम लिहावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप व्हावा आणि इनस्क्रिप्टची सोय असावी. फाइली ओडीएफ या आंतरराष्ट्रीय मानकात साठवता व उघडता याव्यात. निविदेनंतर किमान पाच वर्षे सुरक्षा-अपडेट मिळतील, याची लेखी हमी पुरवठादाराने द्यावी. आणि प्रिंटर स्वतंत्र ड्रायव्हर न मागता जाळ्यावरून छापणारा असावा. या चार अटी पूर्ण करणारा विंडोजचा पुरवठादार आला तर त्याचेही स्वागत करावे. २०१६-१७ची जी यंत्रे कक्षांत आहेत, त्यांतील एका कक्षात आधी एसएसडी घालून हीच कसोटी लिनक्सवर वर्षभर लावून पाहावी, बिघाडाची नोंदवही शिक्षकांच्या हाती द्यावी आणि उरलेली यंत्रे भंगारात काढण्याचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे येण्यापूर्वी ती नोंदवही समितीने मागवून वाचावी.